बिनमिठाचं ताट

पोहरा टाक्याच्या तळाला घासला आणि पत्र्याची खरखर वर आली, तेव्हा ओरेलिया ओट्यावर बसून वाळक्या तुरी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"किती आलं?"

"अर्धा," जोसेट म्हणाली. "त्यातही गाळ."

"मग दोर गुंडाळून ठेव. उगाच तळ ढवळू नकोस."

नाताळनंतर पाऊस नव्हता. आफ्रिकेकडची धूळ रोज सकाळी समुद्रावर उतरायची आणि समोरचं बेट पुसून टाकायची. मेंढ्या मोकळ्या सोडल्या होत्या. त्या बाभळीच्या शेंगा खात हिंडायच्या, आणि कुणाच्या दारात धुण्याचा टब दिसला की साबणाचं पाणीसुद्धा चाटायच्या. आमच्या कॅरियाकू बेटावर नदी नाही, ओढा नाही. छपरावर पडेल ते पन्हळीतून टाक्यात येतं आणि त्यावर वर्ष काढायचं. माउंट रॉयल गावच्या चढावर तर टाकी आधीच लहान.

जोसेटने कमरेवरचं बाळ दुसऱ्या कमरेवर घेतलं. कियॉन नुकता रांगायला लागला होता आणि दिसेल तो दोर तोंडात घालत होता. तिने त्याच्या मुठीतून दोर सोडवला, त्याने भोकाड पसरलं, तिने ब्लाऊज वर करून त्याला छातीशी धरलं आणि तशीच उन्हात उभी राहिली.

"लायल आला होता," ओरेलिया तुरीच्या सुपाकडे बघत म्हणाली.

"स्वप्नात?"

"नाहीतर कुठे येईल आता? टेबलाशी बसला होता. हात धुऊन. समोर ताट, पण रिकामं. मला म्हणाला, ओरेलिया, मी लवकर आलो का गं? रागावला असता तर मी उलट बोलले असते. पण तो विचारत होता. बिचारा विचारत होता."

मागच्या खोलीत सासऱ्याच्या, म्हणजे लायलच्या, थडग्याचा दगड पांढऱ्या चादरीत गुंडाळून भिंतीशी आडवा ठेवलेला होता. त्यावर नाव कोरलेलं होतं, मरणाची तारीख कोरलेली होती. तो थडग्यावर उभा करायचा म्हणजे गावजेवण आलं, ढोल आले, वाडवडिलांचं ताट आलं. दर वर्षी काहीतरी आडवं आलं. आधी वादळात छप्पर उडालं, मग जोसेटचा नवरा डेन्झिल त्रिनिदादच्या मालजहाजावर लागला, मग कियॉन झाला. जोसेट रोज त्या खोलीत झाडू मारायची आणि दगडाजवळ आली की "पाय वर घ्या, पापा," म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हा हा माणूस जिवंत होता. तिच्यासाठी बंदरावरून ताजी मासळी आणायचा आणि "सुनेला काटे काढून दे" म्हणून बायकोला सांगायचा.

"या उन्हाळ्यात उभा करायचा," ओरेलिया म्हणाली.

"पण पाणी? सगळं गाव येणार. भांडी, स्वयंपाक, प्यायला..."

"मला काय विचारतेस? टाक्याला विचार."

*

खाडीवरच्या हॉटेलात पाण्याची ददात नव्हती. तिथे समुद्राचं पाणी यंत्रात घालून गोडं करायचे. जोसेट तिथल्या धुणीघरात चादरींना इस्त्री करायची. त्या दिवशी बाळाची वेळ टळून गेली आणि घडी घालता घालता तिच्या छातीला पान्हा फुटला. पांढऱ्या चादरीवर दोन ओले गोल उमटले. ती चादर पाठीमागे लपवते न लपवते तोच व्यवस्थापक मिस पास्कल आत आली.

"लपवू नकोस, धुवायला टाक," मिस पास्कल हसून म्हणाली. ती मोठ्या बेटावरून आलेली, तिचं हसणं नेहमी थोडं आधी यायचं आणि थोडं उशिरा जायचं. "बरं जोसेट, तुझी सासू ती गाणारी ना? ढोलावरची?"

"हो, मिस."

"मी एकदा बोलावणं पाठवलं होतं. तिने काय निरोप पाठवला माहितीये? मेलेल्यांची गाणी पोहण्याच्या तलावाकाठी होत नाहीत." मिस पास्कल पुन्हा हसली. "मला राग नाही आला हं. पण पाहुणे विचारतात. इथलं काही खरंखुरं दाखवा म्हणतात. मी काय दाखवू, खेकडा?"

जोसेटच्या तोंडून निघून गेलं. घरी जेवण घालायचं आहे, दगड उभा करायचा आहे, पण टाकं कोरडं आहे.

मिस पास्कलने हातातला कागद खाली ठेवला. "टँकर पाठवते. एक का, दोन पाठवते. मेंढे लागतील तेही. थोडेसे पाहुणे घेऊन येईन, कोपऱ्यात बसतील. घरचं कार्य, घरच्या घरी. यात तलाव कुठे आला?"

त्या हॉटेलात एक शिकवण होती. पाहुण्याने मागितलं की वाक्य संपायच्या आत निघायचं. मिस पास्कल नव्या पोरींना ती टाळ्या वाजवून शिकवायची, "पाय आधी, तोंड नंतर!" जोसेटला ती इतकी अंगवळणी पडली होती की घरी डेन्झिलने पाणी मागितलं तरी ती ताडकन उठायची आणि तो हसायचा.

"चालेल, मिस," ती म्हणाली.

*

"तू हो म्हणून आलीस?" ओरेलियाने विचारलं.

"विचारून सांगते म्हटलं."

"खोटं बोलताना तू पोराकडे बघतेस."

जोसेटने नजर उचलली. ओरेलिया उखळात मका कांडत होती. मुसळ वर जायचं, तिच्या सुकलेल्या दंडाची शीर ताठ व्हायची, मुसळ खाली यायचं. बराच वेळ तेवढंच चाललं. मग तिने मुसळ भिंतीला टेकवलं.

"लायल उपाशी आहे," ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. "माझ्या मानापायी त्याला आणखी एक वर्ष ताटावर बसवून ठेवू का? येऊ देत. पण मागे बसायचं. रिंगणात पाय टाकायचा नाही. आणि ताटाच्या खोलीत कुणी म्हणजे कुणी जाणार नाही. त्या दारात तू उभी राहायचंस. दुसरं कुणी नको, तूच. तू आणतेयस त्यांना."

"राहीन, मम्मी."

"ताटाला कुणाचा हात लागला तर तो जेवणार नाही. उठून जाईल. आणि मग माझ्या स्वप्नातसुद्धा येणार नाही. कळलं?"

"कळलं."

कुंपणापलीकडे लुडविका शेळीला पाला घालत होती. तिचं टाकं चढावरचं सगळ्यात खोल, आणि जीभ त्याहून. "ओरेलिया!" ती ओरडली. "ऐकलं ते खरं का गं? लायलच्या जेवणाला गोरे येणार? तिकीट किती ठेवलंयस?"

"तुला फुकट आहे," ओरेलिया म्हणाली. "पण हात धुऊन ये."

"हात कशाने धुवू? हॉटेलच्या पाण्याने?"

दोघी हसल्या. पण लुडविकाचं हसणं आधी थांबलं.

टँकर आला तेव्हा पोरं त्याच्यामागे ओरडत धावली. ड्रायव्हरने जाड नळी टाक्यात सोडली आणि पाणी धबाधबा पडायला लागलं. तो आवाज ऐकून जोसेटला रडूच आलं, इतका तो सुखाचा होता. ओरेलियाने तुंब्याने थोडं काढून घेतलं, जिभेवर घोळवलं आणि थुंकून टाकलं.

"समुद्राचं आहे."

"मम्मी, यंत्रातून काढलंय. मीठ सगळं निघून जातं. हॉटेलात मी रोज पिते."

"तू पी. गावाला पाज. भांडी घास. पण जिथून आलं तिथलं ते विसरत नाही." तिने आदल्या दिवशी तळातून काढलेलं, फडक्यातून पुन्हा पुन्हा गाळलेलं पावसाचं पाणी मडक्यात भरून पलंगाखाली ठेवलं होतं. "ताट त्याच्यात रांधायचं."

वाडवडिलांच्या ताटात मीठ घालत नाहीत. हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. जे समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून, गुलाम म्हणून बांधून आणले गेले आणि परत जाऊ शकले नाहीत, त्यांच्या जिभेला मीठ चालत नाही. जेवण अळणी असेल तरच ते येतात, आणि तरच ते सुखाने परत जाऊ शकतात.

*

पुढचे दिवस कामातच गेले. मका कांडून झाला. थडग्याभोवतीची काटेरी झुडपं कोयत्याने तोडताना जोसेटच्या पोटऱ्या रक्ताळल्या. कथबर्टने, म्हणजे गावच्या म्हाताऱ्या ढोलकऱ्याने, तिन्ही ढोल उन्हात मांडले. मोठ्या ढोलाच्या कातड्यावरून आडवा दोरा ताणून त्यात टाचण्या ओवल्या. बोटाने टिचकी मारली की टाचण्या झिणझिणत. तो दर टिचकीला मान वाकडी करून ऐकायचा, आजारी माणसाची छाती ऐकावी तसा.

"तुझे पाहुणे टाळ्या वाजवतील का गं?" त्याने जोसेटला विचारलं.

"नाही वाजवणार. मी सांगितलंय मिसना."

"वाजवल्या तर माझा हात चुकतो. एकदा गावात मंत्री आला होता, त्याच्या टाळ्यांत माझा ताल वाहून गेला होता."

मेंढे आले. हॉटेलचे मेंढे इतके गुबगुबीत होते की आमच्या मोकाट मेंढ्या कुंपणाशी येऊन त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. कापायच्या आधी ओरेलियाने त्यांच्या कपाळावर रम शिंपडली. "परक्या घरचे आहात," ती त्यांना म्हणाली, "पण काम आमचं करायचंय. माफ करा."

सकाळी दगड उभा केला. डेन्झिल नव्हता, म्हणून शेजारच्या पुरुषांनी उचलला. चादर सोडली. ओरेलियाने रम ओतली, पाणी ओतलं, दगडाच्या माथ्यावर हात ठेवला आणि इतक्या हळू बोलली की वाऱ्यात काही ऐकू आलं नाही. जोसेटला फक्त शेवटचं समजलं, "आज ये. आज ताट आहे."

ताटाचं रांधण ओरेलियाने कुणाला करू दिलं नाही. फक्त जोसेट जवळ होती, लाकडं सारायला. वेगळी चूल, वेगळं भांडं, पलंगाखालचं पाणी. मक्याचा घट्ट घाटा, भाताचे मुटके, तुरी, मेंढ्याचं काळीज आणि मांडीचा तुकडा. मडकं उपडं करून शेवटचा थेंबसुद्धा भांड्यात झटकला. मग आतल्या खोलीत टेबलावर पांढरं कापड, त्यावर ताट, चमचा, पेलाभर रम, मेणबत्ती. ओरेलियाने खुर्ची थोडी मागे ओढून ठेवली, माणसाला बसता येईल इतकी.

*

पाहुणे ठरल्यापेक्षा आधी आले. दोन गाड्या भरून. मिस पास्कल पुढे. अंगणात म्हाताऱ्या माणसांसाठी बाकं मांडली होती, त्यांवर ते जाऊन बसले, आणि कुणाला उठा म्हणायचं जोसेटच्या जिवावर आलं. गावची म्हातारी माणसं आंब्याखाली उभी राहिली. लुडविका काठी टेकून उभी होती आणि मुद्दाम दर थोड्या वेळाने "आई गं" म्हणत होती.

ओरेलिया रिंगणात आली. पांढरा घागरा, डोक्याला रुमाल. तिने रम शिंपडली, पाणी शिंपडलं, गुडघे टेकले आणि पहिलं गाणं उचललं. ते नेहमी माफीचंच असतं. चुकलं माकलं असेल तर पदरात घ्या, आम्हाला नीट येत नाही, शिकवणारे गेले. ढोलाच्या टाचण्या झिणझिणल्या. उन्हं कलली होती आणि म्हातारीची सावली तिच्याहून खूप मोठी पडली होती.

गाणं संपलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

कथबर्टने हात ढोलावरून उचलले. मिस पास्कल वाकून जोसेटच्या कानाशी आली. "एका बाईंचा कॅमेरा चालू नव्हता गं. सुरुवात तेवढी पुन्हा करता येईल का? गुडघे टेकते तिथपासून."

"मिस, ते एकदाच..."

"अगं, दोन टँकर पाठवले," मिस पास्कल हसत म्हणाली.

जोसेट रिंगणाच्या कडेला गेली. तिला वाटलं, सासू चिडेल, हात उगारेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ओरेलियाने नुसतं तिच्याकडे बघितलं. मग रुमाल सारखा केला आणि पुन्हा गुडघे टेकले. दुसऱ्यांदा माफी मागितली. गावातल्या कुणीच साथ धरली नाही. ती एकटीच गायली.

जोसेटच्याने ते बघवेना. ती घरात आली. ताटाच्या खोलीच्या दारात उभी राहायचं होतंच. पण कियॉन शेजारच्या पोरीच्या कडेवर लाल होऊन रडत होता. तिने त्याला घेतलं, स्वयंपाकघरातल्या खाटल्यावर बसली आणि भिंतीकडे तोंड करून पाजलं. तो चोखता चोखता हुंदके देत होता. त्याचे डोळे मिटेपर्यंत तिला उठवेना.

उठून आली तर खोलीचं दार उघडं होतं.

आत एक म्हातारा पाहुणा बसला होता. मागे ओढलेल्या खुर्चीवर. गळा उन्हाने भाजलेला, टोपी काढून मांडीवर नीट ठेवलेली. त्याच्या हातात ताटातला चमचा होता. जोसेटला बघून तो ओशाळं, छान हसला. बाहेर बसायला जागा नव्हती, म्हणाला, इथे शांत वाटलं. फार सुंदर मांडलंय सगळं. जेवण फार चांगलं आहे. फक्त थोडं मीठ मिळेल का?

त्या क्षणी ओरडायला हवं होतं. हात धरून उठवायला हवं होतं. ओरडली असती तर ढोल थांबले असते आणि जे व्हायचं ते सगळ्यांसमोर झालं असतं.

"आणते, सर," ती म्हणाली.

पाय निघालेसुद्धा. स्वयंपाकघर, फळी, मिठाची बरणी, परत. त्याने चिमूट घेऊन मांसावर टाकली, घाट्यावर टाकली, तीन-चार घास खाल्ले, "आता कसं," म्हणाला, आभार मानले, टोपी घातली आणि मेणबत्तीला धक्का लागू नये म्हणून जपून, आडवा होऊन बाहेर गेला.

जोसेट बरणी हातात धरून उभी राहिली. घाट्याला चमच्याचा खळगा पडला होता. भांडं खरवडून ताट वाढलं होतं, मडकं उपडं होतं, दुसरं काही घालायला नव्हतं. बाहेर ओरेलियाचा आवाज आता चढला होता. खरा, जुना आवाज. आता ती बोलावत होती.

जोसेटने चमचा उलटा केला आणि पाठीने खळगा सारखा केला. एकदा, मग आणखी एकदा, काही कळू नये असा. मेणबत्ती जरा पुढे ओढली. चमचा स्कर्टला पुसून जागेवर ठेवला. खुर्ची थोडी मागे ओढली. मग बाहेर येऊन दाराला कुलूप घातलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली, सांगितलं होतं तशी.

*

पाहुणे अंधार पडता पडता गेले. ढोल पहाटेपर्यंत चालले. उजाडल्यावर ओरेलियाने कुलूप काढलं तेव्हा गाव दारात जमलं होतं. पोरं पुढे, हात पसरून. ताट सकाळी पोरांना वाटतात. पोरं त्या अळणी घासासाठी अशी झोंबतात जशी मिठाईसाठी.

"दम धरा," ओरेलिया म्हणाली. तिचा आवाज बसला होता, पाय सुजले होते, पण चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं होतं. "रात्री मेणबत्ती अशी हलली, बघितलीत ना, कथबर्ट? दाराच्या फटीतून. मी म्हटलं, आला."

"बघितली," कथबर्ट म्हणाला.

पहिला घास घरच्या म्हातारीचा. ओरेलियाने घाट्याची चिमूट तोंडात टाकली. तिचा जबडा एकदा हलला आणि थांबला. तिने दुसऱ्या बाजूची चिमूट घेतली.

"काय झालं गं?" लुडविका काठी टेकत पुढे आली. "आण इकडे." तिने मांसाचा तुकडा तोडला, चघळला. तिचं तोंड उघडंच राहिलं. "ओरेलिया, यात मीठ आहे."

पोरांचे हात आपोआप खाली गेले.

जोसेट दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आता बोल, ती स्वतःला म्हणत होती. आता.

"माझा हात," ओरेलिया म्हणाली. "म्हातारा झालाय. सवयीने गेला असेल बरणीत."

"तुझा?" लुडविका म्हणाली. "जन्मभर गावाची ताटं रांधलीस आणि नवऱ्याच्या ताटात..."

"सांगितलं ना, माझा हात."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "गोऱ्यांसाठी रांधलं की असंच व्हायचं." कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. कथबर्टने टोपी काढली. "म्हणजे जेवला नाही तो," तो म्हणाला. कुणाला उद्देशून नाही. मग तो अंगणात गेला आणि ढोलावरचा दोरा सोडायला लागला. टाचण्या एकेक करून डबीत टाकल्याचा आवाज घरात येत राहिला. माणसं निघून गेली. बायकांनी जाताना ओरेलियाच्या खांद्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवतात तसा. जोसेटकडे कुणी बघितलंही नाही. तिने काही केलंच नव्हतं ना.

अंगण मोकळं झाल्यावर ओरेलियाने ताट कापडाने झाकलं.

"मम्मी," जोसेट म्हणाली. "मी दिलं. मीठ. तो आत येऊन बसला होता, त्याने मागितलं आणि मी आणून दिलं."

ओरेलिया कापडाच्या कडा मुडपत होती.

"आणि मग मी चमच्याने ते सारखं केलं."

"ते कळलं मला," ओरेलिया म्हणाली. "मी घाटा चमच्याच्या पाठीने सारखा करत नाही. बोटं ओली करून करते."

कियॉन आत उठून रडायला लागला. दोघी हलल्या नाहीत.

"पुन्हा रांधू," जोसेट म्हणाली. "मी रांधते. आज, आत्ता. कोंबडी आहे, मका आहे..."

"आणि पाणी?"

टाकं काठोकाठ भरलेलं होतं. त्यात आभाळ दिसत होतं. जोसेटने तिकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"बादली घे," ओरेलिया म्हणाली. "पावसाचं आण. दारोदार. कुणी विचारलं कशाला, तर सांग कशाला."

"मम्मी, तुम्ही तर सगळ्यांना सांगितलंत..."

"मी सांगितलं ते माझं. तू तुझं सांग."

*

पहिल्या घरी बाईने विचारलं, "बादली घेऊन कुठे? तुमच्या टाक्यात तर मासे सोडता येतील." जोसेटने सांगितलं. बाईने तुंबाभर पाणी दिलं आणि पोरीला आत हाक मारली, जणू काही बोलणं पोरीच्या कानावर पडू नये. दुसऱ्या घरी तिने सांगायला सुरुवात केली आणि वाक्य अर्धंच राहिलं. घरधनी म्हणाला, "नीट सांग, ऐकू येत नाही मला." तिने नीट सांगितलं. तिसरं दार वाजवलं तर उघडलंच नाही; आतून कुजबुज ऐकू येत होती. कथबर्टने पाणी दिलं पण तोंडाकडे बघितलं नाही. ऊन चढलं. बादलीच्या कडीने बोटांना वळ उठले. छाती भरून दुखायला लागली, ब्लाऊज ओला झाला, आणि झाकायला तिच्याकडे हात मोकळा नव्हता.

शेवटी लुडविकाच्या दारात आली.

लुडविकाने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ऐकलं मी. तू माझ्याकडे येईपर्यंत चढ उतरून खाली पोचलंसुद्धा. पण तुझ्या तोंडून सांग."

"ताटात मीठ मी दिलं."

"कुणाला?"

"पाहुण्याला. त्याने मागितलं."

"त्याने मागितलं," लुडविका म्हणाली. "आणि सकाळी म्हातारी आपल्या अंगावर घेत होती, तेव्हा कुणी मागितलं होतं तुझ्याकडे गप्प बसणं?"

लुडविकाने काठी भिंतीला टेकवली, स्वतः पोहरा सोडला आणि ओढायला लागली. जोसेट मदतीला पुढे झाली तर तिने कोपराने सारली. पोहरा खूप खाली गेला. वर आला तो निम्मा.

"लायलला देतेय हे," लुडविका म्हणाली, "तुला नाही." आणि बादली भरली. थेंब न सांडता.

जोसेट कुंपणाला वळसा घालून घरी आली. ओरेलियाने वेगळी चूल झाडून घेतली होती, भांडं राखेने घासून उन्हात ठेवलं होतं, कोंबडी सोलून झाली होती. कियॉन तिच्या घागऱ्याला धरून उभं राहायचा प्रयत्न करत होता. जोसेटने हातातली बादली जमिनीवर ठेवली आणि वाकलेलीच राहिली. सकाळपासून धरून ठेवलेलं आता धरवेना. खांदे हलायला लागले.

ओरेलियाने पुढे होऊन तिच्या हनुवटीखाली हात घातला आणि तोंड बाजूला वळवलं.

"इकडे नाही," ती म्हणाली. "पाण्यात पडेल."